गाण्याला जागा देणारी गिटार

आमच्या बँडमधल्या प्रकाशचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. "वृंदाताई, अविभिया नाही राहिले," एवढंच तो म्हणाला. अविनाश त्या दिवशी रोजच्यासारखाच पीथमपूरला जाणाऱ्या कारखान्याच्या बसमध्ये खिडकीशी बसला होता. शेजारच्याला वाटलं, डोळा लागलाय. फाटकाशी सगळे उतरले आणि हा उतरेना, तेव्हा कुणीतरी खांद्याला हात लावला. पन्नाशी जेमतेम ओलांडलेला, जिने चढून कधी धाप न लागलेला माणूस. खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, राग आला. आमच्या बँडचा पुढचा कार्यक्रम ठरलेला होता, गाणी निवडून झाली होती, त्यातल्या दोन गाण्यांवरून आमचं कडाक्याचं भांडणही झालं होतं आणि ते मिटायचं बाकी होतं. असा कसा हा मध्येच उठून जातो? रडू आलं ते संध्याकाळी, इंदुरातल्या अन्नपूर्णा भागात त्याच्या घराच्या फाटकात, चपलांचा तो ढीग बघून. इतक्या चपला त्या दाराशी मी फक्त आमच्या रिहर्सलच्या चहाला जमलेल्या बघितल्या होत्या.

आता महिना उलटून गेलाय. मराठी मंडळानं त्याच्या आठवणीत गाण्यांचा कार्यक्रम ठेवलाय आणि त्यात मी गावं असा सगळ्यांचा आग्रह आहे. मी काही केल्या हो म्हणत नव्हते. लोकांना वाटलं, दुःखामुळे. दुःख होतंच, पण त्याच्याही खाली एक भीती होती, आणि ती अविनाश सोडून दुसऱ्या कुणाला कळली नसती.

मी मूळची साताऱ्याची. नोकरीतल्या बदलीनं इंदुरात आले तेव्हा इथलं मराठी ऐकून मला हसू आवरायचं नाही. गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात मला एक गाणं मिळालं होतं आणि साथीला अविनाशचा बँड होता. मी जीव तोडून गायले. खाली उतरले तर माझ्या ऑफिसातल्या एक बाई प्रेमानं म्हणाल्या, "छान दिसत होतात हो!" गाण्याबद्दल चकार शब्द नाही, कारण इलेक्ट्रिक गिटारच्या दणक्यात ते कुणाला ऐकूच गेलं नव्हतं. मी तणतणत मंचामागे गेले. तिथं एक उंच, चष्मेवाला माणूस केबल गुंडाळत बसला होता. "तुमच्या त्या यंत्रानं माझं गाणं गिळलं," मी म्हटलं. त्यानं केबल खाली ठेवली, उभा राहिला आणि म्हणाला, "एकदम बरोबर बोलल्या तुम्ही. गलती आमचीच आहे. शनिवारी घरी या ना ताई, पोहे खाऊन घ्या, मग बघू कोण कोणाला गिळतो." आपण भांडायला जावं आणि समोरच्यानं लगेच गलती कबूल केली की भांडण कसं पुढं न्यायचं, हा प्रश्न मला त्यानं पुढंही अनेकदा घातला. शनिवारी मी पोहे खायला गेले आणि मग जातच राहिले. बाकीचे त्याला अविभिया म्हणत, भिया म्हणजे इंदुरातला भैया. माझ्या साताऱ्याच्या तोंडाला भिया काही रुचेना, म्हणून मी अविदादा म्हणू लागले.

घराच्या वरच्या मजल्यावर रिहर्सलची खोली होती. भिंतींना जुन्या कापसाच्या गाद्या उभ्या करून टेकवलेल्या, खिडक्यांना जाड पडदे, आणि उन्हाळ्यात आत शिरलं की पाच मिनिटांत माणूस घामानं निथळायचा, कारण पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद. अविदादा गिटार, प्रकाश बेस गिटार, नितीन ड्रम आणि मी. गिटारचा ॲम्प, म्हणजे तो आवाजाचा पेटारा, बाकीचे लोक जमिनीवर ठेवतात. अविदादानं तो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मागं विटेचा तुकडा देऊन तिरका ठेवलेला असे, त्याच्या स्वतःच्या तोंडाकडे रोखून. मी विचारलं तर म्हणाला, "खाली ठेवला की आवाज जातो गुडघ्याला. गुडघ्याला कान आहेत का? मग गिटारवाल्याला वाटतं, माझं काही ऐकूच नाही येत. तो वाढवतो, तीखा करतो आणि समोर बसलेल्या काकांचे कान फाडतो." घरी एकट्यानं वाजवताना जो आवाज भरदार, गोड वाटतो, तोच चौघांत आला की नुसता चिखल होतो, हे त्याचं आवडतं म्हणणं होतं. म्हणून तो घरी कधी आवाज ठरवायचाच नाही. सगळे वाजवायला लागले की मध्येच ॲम्पशी वाकून नॉब केसभर फिरवायचा, मग लांब केबल ओढत खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन उभा राहायचा. प्रकाशच्या जागी उभं राहून ऐकायचा, नितीनच्या पाठीशी, माझ्या शेजारी. आम्हाला काय ऐकू येतं ते त्याला आमच्या जागेवरून ऐकायचं असे.

आणि आमचा एक नियम होता. बाकीच्या बँडवाल्यांना सांगितला की ते हसायचे. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसेल तर आपला वाढवायचा नाही. ज्याच्यामुळे ऐकू येत नाही, त्याच्याकडे मागायचं. "अविभिया, थोडं द्या," असं प्रकाश म्हणाला की अविदादा आपला आवाज उतरवायचा, का-कू न करता. सुरुवातीला मला हे फार नाटकी वाटलं. पण बाकीच्या बँडमध्ये काय होतं, ते पुढं मी चार ठिकाणी बघितलं. गिटारवाला वाढवतो, म्हणून बेसवाला वाढवतो, म्हणून ड्रमवाला जोरात हाणतो, आणि शेवटी गाणारी गळा फाडते. आमच्याकडे उलटं चालायचं. नितीननं एकदा कुरकुर केली, "मेरे पास तो नॉबच नाही भिया, मी काय कमी करू?" तर अविदादानं त्याच्या हातातल्या काठ्यांकडे बघून नुसती मान हलवली. नितीन तासभर फुगून बसला, पण त्यानंतर हलक्या हातानं वाजवायला शिकला.

बाहेरच्या कार्यक्रमांत त्याची खरी मजा यायची. एका लग्नाच्या रिसेप्शनला, मोठ्या गार्डनमध्ये, साउंडवाल्यानं आमचा ॲम्प बघून विचारलं, "भिया, इत्ते से डब्बे से क्या होगा?" अविदादा शांतपणे म्हणाला, "डब्बा छोटा ही रहेगा, आप बस इसके सामने एक माइक लगा दो. बाकी आपके हाथ में." साउंडवाला खूश झाला, कारण सहसा त्याच्या हातात कुणी काही देत नसावं. पहिल्या गाण्यातच अविदादाचं लक्ष पुढच्या रांगेतल्या नवरदेवाच्या मामांकडे गेलं. ते कानात बोट घालून खुर्ची हळूहळू सरकवत होते. त्यानं वाजवता वाजवताच पायानं ॲम्पची खुर्ची आडवी फिरवली, तोंड प्रेक्षकांऐवजी मंचाच्या दुसऱ्या बाजूकडे. मामांचं बोट निघालं. दुसऱ्या गाण्याला मामा नाचायला उठले, आणि ते इतके वाईट नाचत होते की अविदादा मला म्हणाला, "पहिल्यासारखंच ठेवायला पाहिजे होतं."

मग माझं ऑपरेशन झालं. गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठीचं. गाठ साधी निघाली, पण आवाज परत आला तो निम्माच. बारीक, घोगरा, वरच्या पट्टीत तर जायचाच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मी गाणं सोडून दिलं. कुणाला सांगितलं नाही, फक्त शनिवारी जाणं बंद केलं. अविदादा आणि सुनीतावहिनी, त्याची बायको, घरी आले, गरम गराडू, म्हणजे तो तळलेला मसालेदार कंद, घेऊन. तासभर बसले, गाण्याचं नावही काढलं नाही. निघताना दारात तो म्हणाला, "शनिवारी ये. गाऊ नको. आमचं ऐकायला तर कोणी पाहिजे ना." मी गेले. दोन-तीनदा नुसती बसले. मग एकदा गुणगुणले, आणि मग एक पूर्ण गाणं गायले... आणि मला माझा आवाज ऐकू आला. स्वच्छ, सगळ्यांच्या वर. मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि रडले. आवाज परत आला होता. वर्षभर मी त्याच आनंदात होते, मंडळात गायले, लग्नात गायले.

देवासला एका दुसऱ्या बँडची गायिका ऐनवेळी आजारी पडली आणि त्यांनी मला बोलावलं. गिटारवाला भला माणूस होता, वाजवतही छान होता. पण पहिल्या ओळीपासून मला मी ऐकूच येईना. मी जोर लावला, अजून लावला, आणि दुसऱ्या अंतऱ्याला आवाज फाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, समजूतदारपणे वाजवतात तशा. परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आवाज काही परत आला नव्हता. अविदादाच्या खोलीत त्याला कुणीतरी वाट करून देत होतं.

शनिवारी मी जिना चढले ती भांडायलाच. "माझ्यासाठी काय काय बदललंत?" मी विचारलं. प्रकाश बेसच्या तारांकडे बघू लागला, नितीन ड्रमचा एक नट आवळू लागला. अविदादानं गिटार खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. सगळ्या गाण्यांची पट्टी उतरवली होती, हे मला थोडंफार कळलं होतं. पण त्यानं आपल्या गिटारचा मधला भरणा, जो गाणाऱ्याच्या आवाजावरच बसतो, काढून टाकला होता. तो जाड, मधला आवाज त्याचा जीव की प्राण होता. कॉलेजात असल्यापासून कमावलेला. माझा आवाज खाली आला म्हणून तो स्वतः गिटारच्या मानेवर वर सरकला होता आणि बारीक, पातळ वाजवत होता. मी तोंड उघडलं की सहापैकी दोनच तारा छेडायचा. ॲम्प भिंतीकडे वळवला होता. "आणि हे मला न सांगता?" मी ओरडले, म्हणजे जेवढं ओरडता येत होतं तेवढं. "सांगितलं असतं तर तू मुद्दाम जोर लावला असता," तो म्हणाला. "दया केलीत तुम्ही माझ्यावर." त्यानं गिटारची केबल काढून हातावर गुंडाळली. मग म्हणाला, "न मागता दिलं, ही गलती माझी आहे. मानतो. पण वृंदा, तूही कुठं मागितलं? आवाज बसला आणि तू चुपचाप घरी बसून गेलीस." मी जिना उतरून निघून आले. सुनीतावहिनी खालून "अग चहा तर घे" म्हणत राहिल्या, मी वळूनही बघितलं नाही.

किती आठवडे मी गेले नाही ते आता आठवत नाही. त्याचे फोन आले, मी उचलले नाहीत. मग एक निरोप आला, व्हॉट्सॲपवर, देवनागरीत, आणि त्याला देवनागरीत टाइप करायचा किती कंटाळा होता ते मला माहीत होतं. "या शनिवारी मी माझा पुराना आवाज लावून ठेवतो. तू ये आणि माग." मी गेले. त्यानं खरंच जुना आवाज लावला होता, तोच तो भरदार, अख्खी खोली व्यापणारा. मी गाऊ लागले आणि बुडाले. पण मी हट्टी. मागेन तर शपथ. पूर्ण गाणं तसंच गायले, स्वतःला न ऐकता. दुसरं गाणं सुरू झालं. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही, वाजवत राहिला. अर्ध्यावर माझ्या तोंडून निघालं, "दादा, थोडं द्या." त्यानं वाकून नॉब फिरवला. "अजून." अजून फिरवला. "ते मधलं काढा..." काढलं. "वरून वाजवा." तो वर सरकला. असं करत करत आम्ही बरोबर तिथंच आलो जिथं त्यानं मला वर्षभर ठेवलं होतं. तसूभरही फरक नाही. पण आता ते मी मागून घेतलेलं होतं. तो जिंकल्यासारखा हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. चष्मा काढून शर्टाला पुसत म्हणाला, "खरं सांगू? तू बीमार नसती पडली तर मला समजलंच नसतं की मी किती जागा खाऊन बसलो होतो. इतके साल तू माझ्यावरून ओरडून गात होतीस." नंतर प्रकाश मला खाली म्हणाला, "ताई, खरं तर भिया पहले से अच्छा वाजवतायत, पण त्यांना बोलू नका."

त्यानंतरची वर्षं आम्ही तसंच वाजवलं. माझा आवाज थोडा सुधारला, पूर्वीसारखा कधीच झाला नाही, आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं. शेवटची भेट म्हणावी तर तीही साधीच. रिहर्सल संपली, दोन गाण्यांवरून वाद झाला, मी म्हटलं तुम्ही अडेलतट्टू आहात, तो म्हणाला तू साताऱ्याची आहेस, आणि फाटकाशी त्यानं माझ्या गाडीचा स्टँड पायानं वर केला, कारण तो करायला मी नेहमी विसरते.

तर माझी भीती ही होती. मंडळाचे लोक म्हणाले, गिटारवाला आणू दुसरा, शहरात काय कमी आहेत? प्रकाशही म्हणाला, "ताई, भियासाठी गावंच लागेल." मला कळत नव्हतं यांना कसं सांगू. तुम्ही ज्याला माझा आवाज म्हणता, त्यातला निम्मा अविदादाचा होता, त्यानं न वाजवलेला. तो गेल्यावर माझ्याकडे गाण्यासारखं काही उरलंय का, हे बघायचीच मला हिंमत नव्हती. नसेल तर? मग तोही गेला आणि गाणंही गेलं, एकदमच.

गेल्या रविवारी सकाळी सुनीतावहिनींचा फोन आला. "तुम्ही तिघं या. खोली बंद पडलीय, मला चांगलं नाही लागत." आम्ही गेलो. गाद्या तशाच, पडदे तसेच. ॲम्पवर वहिनींनी एक धुतलेला टॉवेल झाकून ठेवला होता. प्रकाशनं बेस लावला, नितीन स्टुलावर बसला, वहिनी खाली चहाला गेल्या. मग नितीननं अगदी हळू ठेका धरला आणि मी एक जुनं भावगीत सुरू केलं, दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून. गिटार नव्हती. माझा आवाज त्या खोलीत एकटा फिरला. घोगरा होता, दोन ठिकाणी लटपटला, पण होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतकं भकास आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. ज्या जागेसाठी मी त्याच्याशी भांडले, ती सगळी आता माझीच होती, आणि मला ती नको होती.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. "वृंदा," त्या म्हणाल्या, "इतके साल तू माझ्या डोक्यावर गातेयस आणि मी आज पहिल्यांदा तुझे शब्द ऐकले ग. माझं ध्यान नेहमी ह्यांच्या गिटारकडेच असायचं. पोळ्या करू, कपडे घड्या करू, कान ह्यांच्याकडेच. बाकी कोण काय गातंय, कधी ऐकूच नाही आलं." ट्रे नितीनच्या हातात देऊन त्या ॲम्पजवळ गेल्या. टॉवेल काढून नीट घडी केला आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला, आणि थोड्या वेळानं आतून बारीक घूं ऐकू येऊ लागला, गिटार नसताना येतो तसा. "रोज संध्याकाळी मी जरा वेळ चालू करते," त्या म्हणाल्या. "वाजत तर काही नाही. पण तो चालू असला की वाटतं, हे आता खाली येतील, जेवायला काय आहे विचारतील..." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "कार्यक्रमात हा घेऊन जा. वाजवणारा कोणी असो की नसो, चालू ठेवा. आणि आता परत म्हण ते गाणं."

मंडळाला हो कळवायचं ते मी तिथंच ठरवलं. नितीननं पुन्हा ठेका धरला. वहिनी ॲम्पशेजारी जमिनीवर बसल्या, भिंतीच्या गादीला डोकं टेकून, आणि मी तेच गाणं दुसऱ्यांदा गायले. दुसऱ्या कडव्यात आवाज चिरकला तरी थांबले नाही. वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. त्या माझं गाणं ऐकत होत्या की तो घूं, हे मी त्यांना विचारलं नाही.